२७ इंची मॉनिटरवर अक्षरं पुसट का दिसतात?

प्रश्न (सांगली, मार्केट यार्ड): हळदीच्या अडत दुकानात २७ इंची, २५६० × १४४० ठिपक्यांचा मॉनिटर लावलाय. अक्षरं बारीक वाटली म्हणून रिझोल्यूशन १९२० × १०८० केलं. आता हिशेबाच्या पट्टीतला ३ आणि ८ सारखाच दिसतो. विंडोज ११ आहे. मॉनिटर बदलून मागू का?

उत्तर १: अहो, मॉनिटर ठीक आहे. २५६० भागिले १९२० म्हणजे १.३३. एक ठिपका सव्वा ठिपक्यांवर पसरवायचा म्हटलं की कडा पुसट होणारच. डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज, रिझोल्यूशन पुन्हा २५६० × १४४० करा. मग त्याच्या वरचं ‘स्केल’ १२५ टक्के करा. अक्षर मोठं करायचं ते स्केलनं, रिझोल्यूशन उतरवून नव्हे.

उत्तर २: वरच्यांचं बरोबर, फक्त सव्वा नाही, एक पूर्णांक एक तृतीयांश! केबलही बघा. निळ्या टोकाची व्हीजीए असेल तर काढा, डिस्प्लेपोर्ट लावा.

प्रश्नकर्ता: केबल एचडीएमआयच आहे. स्केल केलं, बाकी सगळं लख्ख. बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर तेवढं धूसर.

उत्तर १: ते स्केलिंग न कळणारं आहे, विंडोज त्याचं चित्र ताणतं. आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’. खालच्या ओव्हरराइडला टिक, यादीतून ‘ॲप्लिकेशन’. प्रोग्राम बंद करून उघडा. अक्षर रेखीव येईल, पण लहान. फारच लहान वाटलं तर ‘सिस्टिम (एन्हान्स्ड)’ करून बघा. प्रत्येक सॉफ्टवेअरला ते मानवत नाही.