कुणबी आणि कुळवाडी एकच का?

मुरबाडची_लेक (कळवा)
आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर 'कुणबी' आहे, पण पणजोबांच्या जमिनीच्या जुन्या कागदात 'कुळवाडी' लिहिलंय. घरची भातशेती, मुरबाड तालुका. दोन्ही एकच का? मुलगी विचारतेय आणि तिला नुसतं 'शेतकरी' सांगून माझंच समाधान होत नाही.

शहापूरकरीण (ठाणे पश्चिम)
कसणारा माणूस तोच, शब्दांची मुळं वेगळी. कुणबी आला संस्कृत 'कुटुंबिन्'वरून. म्हणजे घरसंसारवाला. नाव नांगरावरून न पडता घरावरून पडलं, हे मला फार मोलाचं वाटतं, कारण भातशेती एकट्याचं काम नव्हेच. आमच्याकडे उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, गवत पसरून राब, म्हणजे रोपांसाठीची जागा, भाजायचे ते बाबा आणि काका. पाऊस लागला की त्याच राबावर पेरा. आवण, म्हणजे भाताची रोपं, तयार झालं की आई, काकू ओणव्याने उपटून मुठी बांधणार, आम्ही पोरं त्या मुठी चिखलणी झालेल्या खाचरात फेकत जाणार, मग लावणीला सगळेच. आजीसुद्धा बांधावर बसून मुठी मोजायची.

कुळवाडी 'कुळ'वरून. खंड (मालकाला द्यायचं जमिनीचं भाडं) किंवा सारा (सरकारी कर) भरून जमीन कसतो तो कुळ. जोतीराव फुल्यांनी १८६९च्या पवाड्यात शिवरायांना 'कुळवाडीभूषण' म्हटलं ते रयतेच्या याच अर्थाने. तुकोबांचं घर वाण्याचा व्यवसाय करणारं, तरी ते स्वतःला कुणबी म्हणवतात.

कागदाचं साल जरूर बघा. कुळकायदा १९४८चा, आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन', कायद्याने कुळं मालक ठरली तो दिवस. कागद त्याआधीचा असेल तर पणजोबा कोणाची जमीन खंडाने कसत होते का, तेही त्यात सापडेल.

घणसोलीकर
आम्ही आगरी. भात आम्हीही पिकवलं, पण खाडीला बांध घालून, उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, पाणी सोडून. आमचं नाव आगरावरून, मिठागराच्या.

मोडीवाचक (नौपाडा)
एक लक्षात ठेवा. पेशवाईच्या कागदात 'कुणबीण' दिसली तर ती शेतकऱ्याची बायको समजू नका. तिथे तो शब्द विकत घेतलेल्या दासीसाठी येतो. वाचताना जीव तुटतो.

मुरबाडची_लेक
कागद १९४१चा आहे! वरची एक ओळ मोडीत आहे. मोडीवाचक काका, फोटो टाकला तर वाचाल का?