मार्चअखेर पीएमपीचं चक्र संपतंय, 60 पीडीयू कुठून आणू?

रॅपियरवाला, चिंचोळी एमआयडीसी:
मंडळी, माझं पीएमपी (पीएमआय या संस्थेचं प्रोजेक्ट मॅनेजरचं सर्टिफिकेट) टिकवायला तीन वर्षांच्या चक्रात 60 पीडीयू, म्हणजे शिकल्या-शिकवल्याचे गुण, लागतात. खात्यावर फक्त 11. टॉवेलच्या कारखान्यात प्रोजेक्ट बघतो. शेड वाढवली, नवे लूम बसवले, आता ईटीपीचं, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया प्लांटचं काम चालू आहे. एका क्लासवाल्याचा रोज फोन: 'सर, साठचं पॅकेज घ्या, टेन्शन सोडा.' रोजच्या कामाचेही पीडीयू मिळतात म्हणे, खरं का? आणि तारीख हुकली तर परत परीक्षा?

जुळेकर:
घेऊन टाका की ओ पॅकेज. मार्चएंडला कोण वेबिनार बघत बसतंय!

होटगीरोडची ताई:
पॅकेज थांबवा, आधी हिशेब करा. एक तास म्हणजे एक पीडीयू. शिक्षणाचे किमान 35 लागतातच, आपल्या पेशाला काही परत दिल्याचे, म्हणजे काम करून किंवा शिकवून मिळवलेले, जास्तीत जास्त 25 धरतात. तुमचं रोजचं काम या 25 मध्ये येतं, आणि त्याचे तीन वर्षांत मिळून 8 च. अख्खी शेड उभारा नाहीतर दोन ईटीपी बांधा, 8 म्हणजे 8.

खरी मेख पुढे आहे. शिक्षणात तीन कप्पे: वेज ऑफ वर्किंग (कामाच्या पद्धती), पॉवर स्किल्स (माणसं सांभाळणं), बिझनेस अक्युमेन (धंद्याची समज). प्रत्येकात किमान 8. आपले इंजिनिअर लोक शेड्युलिंगचे वेबिनार बघून पहिला कप्पा भरतात, माणसं सांभाळायचा तसाच कोरडा. तुमचे 11 कुठे पडलेत?

पुस्तक वाचलेलंही चालतं. नाव, तारखा, काय शिकलात ते टिपून ठेवा, ऑडिट लागलं तर तेच दाखवायचं. प्रोजेक्टमॅनेजमेंट डॉट कॉमवरचे वेबिनार पीएमआयच्या सभासदांना फुकट असतात. मी रात्री शेंगाचटणी आणि कडक भाकरी पुढ्यात घेऊन लावते. आपला माइक बंद, कुरकुर कुणाला ऐकू जात नाही.

रॅपियरवाला:
अकराच्या अकरा पहिल्याच कप्प्यात निघाले, ताई! बरं, गेल्या वर्षी पॉलिटेक्निकच्या पोरांना लूम बसवायचं वेळापत्रक समजावलं होतं. फाउंडेशन पक्कं व्हायच्या आत कंटेनर गेटवर आला की क्रेनचं भाडं कसं चढतं, ते सगळं. हे धरतील का?

होटगीरोडची ताई:
धरतील की, त्या 25 मध्ये. चक्राच्या तारखांतलं असलं की मागचंही आता भरता येतं. कॉलेजचं पत्र किंवा मेल शोधून ठेवा.

मार्च हुकला तर लगेच परीक्षा नाही. वर्षभर सर्टिफिकेट निलंबित राहतं, तोवर नावापुढे पीएमपी लावायचं नाही. त्या वर्षातही भरलं नाही, तर मात्र पुन्हा 180 प्रश्नांची परीक्षा. शिवाय पुढच्या चक्राची तारीख काही सरकत नाही. ते वर्ष पुढच्या तीनातूनच जातं, म्हणून निलंबनाच्या भरवशावर राहू नका.

जुळेकर:
60 भरले की झालं ना? माझंही यंदाच आहे.

होटगीरोडची ताई:
नाही ओ. त्यानंतर नूतनीकरणाचा अर्ज करून फी भरायची असते. सभासदाला ती कमी पडते.