गोळी आणि खाण्यात दोन तासांचं अंतर ठेवलं की सगळं चालतं ना?

जागरण_रोजचं:
बाबांना तीन गोळ्या चालू आहेत. थायरॉईडची थायरॉक्सिन, रक्त पातळ ठेवायची वॉरफरिन आणि कोलेस्टेरॉलची सिमव्हास्टॅटिन. प्रत्येकीचं पथ्य वेगळं, ह्याच्याबरोबर ते नको, त्याच्याबरोबर हे नको, बाबा वैतागलेत. त्यांचं म्हणणं दोन तास सोडून काय हवं ते खावं, पोटात जाऊन काय भांडणारेत का दोघं. आहे का तसं?

गोळीवाला:
फार्मसीत आहे म्हणून सांगतो, अंतराचा उपाय तिघींपैकी फक्त थायरॉक्सिनला लागू पडतो. कॅल्शियम आणि लोह तिला पोटातच धरून ठेवतात, मग ती रक्तात नीट उतरत नाही, म्हणून त्यांच्यापासून 4 तास लांब. उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, नाश्ता-कॉफी अर्ध्या-एक तासाने.

सिमव्हास्टॅटिनची भानगड वेगळी. तिच्याबरोबर ग्रेपफ्रूट, म्हणजे संत्र्याच्या जातीचं ते आंबट-कडू फळ, नको. आतड्याच्या अस्तरात एक एन्झाइम असतं, ते बरंचसं औषध रक्तात जायच्या आधीच मोडून टाकतं आणि डोस तो हिशोब धरूनच ठरवलेला असतो, ग्रेपफ्रूट त्या एन्झाइमलाच निकामी करतं, मग नवीन तयार होईपर्यंत दिवस-दोन दिवस जातात, तिथे तुमच्या दोन तासांनी काय होणार? औषध रक्तात नको तितकं चढतं, स्नायू दुखायला लागतात, क्वचित त्याहून वाईट. गंमत म्हणजे हे सापडलं चुकून. कॅनडात फेलोडिपिन ह्या बीपीच्या औषधावर अल्कोहोलचा काय परिणाम होतो ते बघत होते, अल्कोहोलची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस घातला आणि औषधाची पातळी भलतीच वर गेली. 1989 ची गोष्ट.

हिरवी_मिरची:
वॉरफरिनचं मी सांगते, सासूबाईंमुळे चांगलंच पाठ झालंय. पालेभाज्यांत व्हिटॅमिन के असतं, रक्त गोठायला ते लागतं आणि वॉरफरिन नेमकं त्याच्याच विरुद्ध काम करतं. हे कळल्यावर त्यांनी पालेभाजी एकदम बंदच केली, कोणाला न विचारता. पंधरा दिवसांनी दात घासताना बेसिनमध्ये रक्त, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा, जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ) 2 ते 3 मध्ये हवा तो 4 च्या वर. डॉक्टर म्हणाले बंद करा कोण म्हणालं, रोज साधारण तेवढीच खा, डोस आम्ही त्यावर बसवतो. म्हणजे एक आठवडा ताटभर आणि पुढचा आठवडा काहीच नाही, हे नको.

जागरण_रोजचं:
अरे देवा. बाबा थायरॉईडची गोळी कॉफीच्या पहिल्या घोटाबरोबरच घेतात, वर्षानुवर्षं. आणि परवापासून शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून मल्टीव्हिटॅमिन सुरू केलंय, तेही त्याच वेळी.

गोळीवाला:
डबीवर बघा, लोह-कॅल्शियम आहे का, आणि व्हिटॅमिन के पण. काहीही असलं तरी डबी घेऊन डॉक्टरकडे जा, पण थायरॉक्सिनची वेळ परस्पर बदलू नका, आत्ताचा डोस कॉफीसकट बसवलेला असणार, तो परत तपासून घ्यावा लागेल आणि त्याने आयएनआर पण हलू शकतो.