लेहच्या फुलझुडपांचे बी वरुडला उगवले नाही. चूक कोठे झाली?

प्रश्न: गुरुजी_वरुड

माझा मुलगा नोकरीनिमित्त लेहला असतो. क्वार्टरच्या कुंपणालगत फुलझुडपे लावावीत म्हणून त्याने गेल्या दिवाळीला येताना तीन प्रकारचे बी आणले: तेथील रानगुलाबाची वाळलेली फळे, कॅरागाना नावाच्या काटेरी झुडपाच्या शेंगा आणि श्रीनगरच्या एका सहकाऱ्याने दिलेले लायलॅक या फुलझुडपाचे बी. रोपे मी तयार करावीत आणि अक्षय्य तृतीयेला तो आला की सोबत न्यावीत, असे आमचे ठरले.

थंड मुलखातल्या बियांना थंडी द्यावी लागते असे ऐकले होते, म्हणून कागदाच्या पुड्या बांधून सगळे बी पंधरा दिवस फ्रिजमध्ये ठेवले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काळी माती आणि कुजलेले शेणखत समप्रमाणात मिसळून त्यातले अर्धे बी ट्रेमध्ये पेरले. आज फेब्रुवारीचा मध्य उलटत आला, तरी कॅरागानाची दोन रोपे सोडली तर काहीही वर आलेले नाही आणि तीही बुडाशी बारीक होऊन कोलमडली. यंदा आमच्याकडे रात्री शेकोटीशिवाय बसवत नव्हते. एवढी थंडी या बियांना पुरली नाही काय? उरलेल्या अर्ध्या बियांचे काय करावे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर: रोपवाटिका_शेंदुरजनाघाट

गुरुजी, आपण संत्रापट्ट्यातली माणसे, त्यामुळे आपली सवयच आड येते. संत्र्याचे कलम ज्यावर बांधतो त्या खुंटासाठी जंबेरी लिंबाचे बी आपण फळातून काढतो, धुतो आणि शक्य तितके ताजे पेरतो, कारण ते सुकले की त्याची उगवण घटते. थंड मुलखातल्या झुडपांचा हिशेब याच्या उलट आहे. शरद ऋतूत गळलेले बी लगेच उगवले, तर कोवळे रोप हिवाळ्यात गोठून जाईल, म्हणून पुरेसा काळ ओल्या थंडीत गेल्याशिवाय ते सुप्तावस्था सोडत नाही.

आपल्या पुड्यांत थंडी होती, ओल नव्हती. कोरडे बी फ्रिजमध्ये ठेवले की ते फक्त टिकते, जागे होत नाही. बी पाणी पिऊन फुगलेले असेल आणि त्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे 3 ते 5 अंश सेल्सिअसमध्ये राहिले, तरच उगवण रोखून धरणारे त्यातले अ‍ॅब्सिसिक आम्ल कमी होत जाते आणि उगवणीला चालना देणाऱ्या जिबरेलिनचा जोर वाढतो. (संत्र्याची फळगळ थांबवण्यासाठी आपण जे जिबरेलिक आम्ल फवारतो, ते याच घराण्यातले.) आपल्याकडच्या शेकोटीच्या थंडीचा उपयोग होत नाही, कारण पहाटे दहा अंश असले तरी दुपारी पारा पंचविशीच्या पुढे जातो. डिसेंबर 2018 च्या अखेरीस नागपूरला 3.5 अंशांची नोंद झाली होती. पण तशा दोन-चार रात्रींनी बी फसत नाही, त्याला सलग थंडी लागते.

लायलॅकसाठी असे करावे. नदीची वाळू चाळून, धुऊन घ्यावी आणि ती वापशावर आणावी, म्हणजे मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण बोटांच्या फटीतून पाणी गळू नये. रात्रभर भिजवलेले बी या वाळूत मिसळून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरावे, पिशवीचे तोंड सैल ठेवावे, वर तारीख लिहावी आणि ती फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सहा ते आठ आठवडे ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात मुळीच ठेवू नये, कारण गोठलेल्या बियांत हे काम थांबते. दर आठवड्याला पिशवी उघडून बुरशी आली आहे का, ते पाहावे. भारनियमनात चार-पाच तास वीज गेली तर घाबरण्याचे कारण नाही, ओली वाळू तेवढा वेळ थंड राहते.

कॅरागाना हे तुरीच्याच कुळातले आहे, फुलही तसेच पिवळे. त्याच्या बियांना अशा दीर्घ थंडीची गरज नसते. कोमट पाण्यात चोवीस तास भिजवून पेरले की साधारण दोन-तीन आठवड्यांत उगवते. आपली दोन रोपे गेली ती थंडीअभावी नव्हे, तर काळी माती आणि शेणखत यांनी धरून ठेवलेल्या पाण्यामुळे. ती मर आहे, म्हणजे ओलीत वाढणाऱ्या बुरशीने रोप बुडाशी कुजण्याचा रोग. पुढच्या वेळी अर्धी वाळू, अर्धे कोकोपीट घ्यावे आणि शेणखत अजिबात घालू नये.

उत्तर: दारव्ह्याची_ताई

यजमान सैन्यात असल्याने मी लेहला चार वर्षे काढली आहेत. वरच्या भाऊंनी बियांबद्दल लिहिले ते मला पटते, पण रोपे वरुडला वाढवून लेहला न्यावीत या मूळ बेतालाच माझी हरकत आहे. एप्रिलच्या अखेरीस आपल्याकडे पारा 42 अंशांच्या पुढे असतो आणि सुमारे 3500 मीटर उंचीवरच्या लेहमध्ये त्याच आठवड्यात रात्री पाणी गोठू शकते. आपल्या उन्हात वाढलेले लुसलुशीत रोप काटक करायला मधे वेळच मिळत नाही. रोप न नेता थंडी दिलेले बी न्यावे, हे अधिक सोपे. ओल्या वाळूची पिशवी थर्मासमध्ये घालून गेली, तर तिकडे खिडकीतल्या ट्रेमध्ये ती पेरता येईल.

रानगुलाबाच्या बाबतीत मात्र घाई करू नये. त्याच्या बीचे कवच कठीण असते. आधी काही आठवडे उबदार ओलीत आणि मग सुमारे तीन महिने थंडीत ठेवले तर ते चांगले उगवते, आणि तरीही काही बी दुसऱ्या वसंतापर्यंत दडून राहते. आता सुरुवात केली तर अक्षय्य तृतीयेपर्यंत ते तयार होणार नाही. ते कोरडेच जपून मुलाच्या हाती द्यावे आणि त्याने सप्टेंबरात, जमीन अजून उबदार असताना, वाफ्यात पेरावे. लेह म्हटले की लोकांना बर्फाचे ढीग आठवतात, पण तो कोरडा मुलूख आहे. बर्फ थोडा आणि वारा फार. उघड्यावर पेरलेले बी सुकून जाते. म्हणून पेरल्यावर भरपूर पाणी द्यावे, वर पॉप्लरचा पाला आणि त्यावर जुना बारदाना टाकून दगडांनी दाबावा, आणि बर्फ वितळू लागला की बारदाना काढावा. भर हिवाळ्यात उणे पंधराला जमीन दगड होते, तेव्हा बी नुसते पडून असते; खरे काम ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल या दोन टोकांना होते.

फळे फोडताना हातमोजे घालावेत. आतली लव खाजकुइलीची आठवण करून देते.

गुरुजी_वरुड

ताई आणि भाऊ, दोघांचाही आभारी आहे. लायलॅकचे बी आज भिजत घातले, म्हणजे एप्रिलच्या मध्यापर्यंत आठ आठवडे पूर्ण होतील. कोथिंबिरीचा डबा हलवावा लागल्याने घरात थोडी कुरकुर झाली, पण जागा मिळाली. एक शंका उरली आहे: ट्रेमध्ये पेरलेले लायलॅकचे बी उकरून काढले तर ते मऊ लागते. ते मेले असेल काय?

रोपवाटिका_शेंदुरजनाघाट

त्यातले पाच-सहा बी ब्लेडने उभे कापून पाहावेत. आत पांढरा, घट्ट गर्भ दिसला तर बी जिवंत आहे आणि तेही धुऊन त्याच पिशवीत घालता येईल. आत तपकिरी चिखल झाला असेल तर फेकून द्यावे.

गुरुजी_वरुड

सहा कापले. दोन पांढरे निघाले, चार गेले आहेत. बोटांनी दाबून घट्ट वाटलेले तेवीस बी वेगळे काढले आणि वेगळ्या पिशवीत, वेगळ्या तारखेने ठेवले आहेत.