मदत हवी आहे: चार ते आठ वर्षांच्या मुलांना संतांची ओळख गोष्टी आणि हस्तकलेतून कशी करून द्यावी? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात राहते. आमच्या कॅथलिक चर्चमध्ये रविवारची मराठी मिस्सा (उपासना) संपली की लहान मुलांचा तासाभराचा वर्ग भरतो. जूनपासून तो माझ्याकडे आला आहे. अकरा-बारा मुलं आहेत, सगळ्यात धाकटी चार वर्षांची, थोरला आठचा. पहिल्या कम्युनियनची (प्रभुभोजनाच्या संस्काराची) तयारी सिस्टर वेगळी घेतात, माझ्याकडे त्याआधीची पिल्लं. फादरांनी एवढंच सांगितलं, "यांना संतांची ओळख करून द्या, पाठांतर नको."

मला फार आनंद झाला. मला स्वतःला संत भेटले ते आजीमुळे. घरात किल्ली हरवली की आजी संत अंतोनींना साकडं घालायची आणि सापडली की गरिबांसाठीच्या पेटीत पैसे टाकायला मलाच पाठवायची. त्यामुळे अंतोनी मला नात्यातलेच कुणीतरी वाटायचे. या मुलांनाही तसंच वाटावं, एवढीच माझी इच्छा आहे. पण चार महिने झाले तरी जमत नाहीये.

४ ऑक्टोबरला असिसीच्या संत फ्रान्सिस यांचा सण असतो, म्हणून त्या आठवड्यात त्यांनी पक्ष्यांना उपदेश केला ती गोष्ट सांगितली आणि घोटीव कागदाचे पक्षी करायला घेतले. मुलं इतकी रमली की न्यायला आलेल्या आया दारात खोळंबल्या. पुढच्या रविवारी विचारलं, "गेल्या वेळी कोणाची गोष्ट ऐकली?" तर उत्तर आलं, "चिमणीची." फ्रान्सिस कुणालाच आठवेनात.

त्याआधी ऑगस्टमध्ये मोठी चूक झाली. संत गोन्सालो गार्सिया आपल्या वसईचे, भारतात जन्मलेले पहिले संत, म्हणून मी उत्साहाने त्यांचं सगळं चरित्र सांगितलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला २६ जणांना क्रुसावर चढवून भाले मारले, तेही सांगून टाकलं. त्या रात्री पाच वर्षांची एक मुलगी दोनदा किंचाळत उठली. तिच्या आईचा फोन आला, ती रागावली नव्हती, पण मला रडू आलं. तेव्हापासून रक्तसाक्षींच्या, म्हणजे श्रद्धेपायी मारले गेलेल्यांच्या, गोष्टींना हातच लावलेला नाही.

तिसरी अडचण आमच्या गावाची आहे. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनची प्रोटेस्टंट घराणी बरीच. वर्गातल्या दोघांच्या आज्या त्या परंपरेतल्या आहेत. एकींनी मला सरळ विचारलं, "नातवाला पुतळ्यापुढे हात जोडायला शिकवता का?" मी म्हटलं, आराधना फक्त देवाची, संतांचा आम्ही मान राखतो आणि आमच्यासाठी प्रार्थना करा असं त्यांना विनवतो. त्या ऐकून गप्प बसल्या, पण पटलं असं दिसलं नाही. शिवाय जिल्ह्यातच पंढरपूर, जानेवारीत गड्ड्याची जत्रा, त्यामुळे ‘संत’ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर आधी ज्ञानोबा-तुकोबा येतात. त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण सात वर्षांच्या एकाने विचारलं, "मग आपल्या संतांची पालखी कुठून निघते?" आणि मला पटकन उत्तर सुचलं नाही.

तर मला विचारायचंय ते असं: हात कामात असताना गोष्ट मनात कशी टिकवायची? आणि संताच्या मरणाचं लहानांना किती सांगायचं? सामानाला खर्च नको. शेंगांची टरफलं, लग्नपत्रिका, कारखान्यातल्या चिंध्या, दिवाळीचे जुने आकाशकंदील एवढं भरपूर मिळेल.

वसईवाली:
ताई, गोन्सालोंना सोडू नका हो, आमच्याकडे गासच्या चर्चला त्यांचंच नाव आहे. त्यांच्या आयुष्यात मरणाखेरीज किती काय आहे! तरुणपणीच जपानला गेले, तिथली भाषा शिकले. पुढे व्यापार केला, मग फिलिपिन्समधल्या मनिलाला फ्रान्सिस्कन ब्रदर, म्हणजे संत फ्रान्सिस यांच्या संघातले धर्मबंधू, झाले. १५९३ मध्ये त्याच संघातले फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर परत जपानला गेले तेव्हा दुभाष्याचं काम यांच्याकडेच होतं. तुमची मुलं घरी एक, शाळेत दुसरी, गल्लीत तिसरी भाषा बोलत असतील. त्यांना दुभाषी म्हणजे काय ते लगेच कळेल.

शेंगेच्या अर्ध्या टरफलाची होडी करा, आगपेटीच्या काडीला कागदाचं शीड. परातीत पाणी घाला, काठावर वसई, जपान आणि मनिला अशा चिठ्ठ्या चिकटवा आणि होडी फुंकर मारत न्यायला सांगा. मरणाचं एकच वाक्य: "तिथल्या राज्यकर्त्याला येशूचं नाव नको होतं, म्हणून त्याने यांना मारलं, पण यांनी येशूला सोडलं नाही." लपवू नका, पण कसं मारलं त्याचं वर्णनही नको. मूल स्वतःहून विचारेल तेवढंच सांगायचं. आणि हो, संत म्हणून त्यांची घोषणा व्हायला १८६२ साल उजाडलं. पालखी विचारणाऱ्याला हेही सांगा, की आपल्याकडे चर्च वर्षानुवर्षं चौकशी करून मग नाव जाहीर करतं.

निवृत्त बालवाडी बाई:
मी सोलापूरचीच, बत्तीस वर्षं बालवाडी घेतली. मी चर्चची नाही, पण मुलांच्या हातांबद्दल बोलू शकते. तुमच्या मुलांनी पक्षी केले म्हणून त्यांना पक्षी आठवला. त्यांचं बरोबरच आहे. संताने स्वतःच्या हाताने जे केलं ते मुलांच्या हातून करून घ्या, संताच्या आजूबाजूला जे होतं ते नको. फ्रान्सिस यांनी हाताने काय केलं होतं?

धागाकर्ती:
बाई, तुमचा प्रश्न वाचून मी जागची उठले! त्यांनी १२२३ च्या नाताळात इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरा बैल, खरं गाढव आणि गवत आणून येशूजन्माची गव्हाणी मांडली होती. आपण घरोघरी मांडतो त्या गव्हाणीची प्रथा तिथून पसरली.

निवृत्त बालवाडी बाई:
मग झालं की. कडब्याची धांडी आणा. आपल्याकडची पोरं पूर्वी त्याच्याच बैलगाड्या करायची. साल सोलून आतला भेंडा काढला की टोचायला सोपा, चार वर्षांच्या मुलालाही जमतो. साल मात्र तुम्ही सोला, धार असते तिला.

पूर्व भागातला आजोबा:
मी प्रोटेस्टंट. त्या आजींच्या बाजूने बोलतो. आम्हाला गोष्टींची अडचण नाही. इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात साक्षीदारांच्या मेघाचा, म्हणजे विश्वासात टिकून राहिलेल्या पूर्वजांच्या समूहाचा, उल्लेख आहेच, आणि त्या मेघात कोण कोण आहे हे नातवाने जरूर ऐकावं. वर्गात गोष्ट आणि काम ठेवा, विनवणीची प्रार्थना ज्याच्या त्याच्या घरावर सोडा. आजींना एकदा वर्गात बसायला बोलवा. दुरून ऐकलं की शंका वाढतात.

धागाकर्ती (नोव्हेंबर):
सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण हे तुमच्यामुळे घडलं.

११ नोव्हेंबर हा फ्रान्समधल्या तूर शहराच्या संत मार्टिन यांचा सण. ते चौथ्या शतकातले, जन्म आजच्या हंगेरीतला, रोमन सैन्यात शिपाई. ऐन थंडीत आजच्या फ्रान्समधल्या आमियां शहराच्या वेशीत त्यांना एक उघडा भिकारी दिसला, तेव्हा त्यांनी तलवारीने आपलं पांघरूण कापून अर्धं त्याला दिलं. रात्री स्वप्नात येशू तेच अर्धं पांघरूण घेऊन उभा. तेव्हा मार्टिन यांचा बाप्तिस्मासुद्धा झालेला नव्हता! बाईंच्या म्हणण्याप्रमाणे पाहिलं तर इथे हाताने केलेलं काम एकच: कापणं.

सोलापुरात पांघरूण शोधायला जावं लागत नाही. माझ्या लग्नातली चादर काढली, मोराची नक्षी असलेली, धुऊन धुऊन मऊ झालेली. शिंप्याची मोठी कात्री आणली. मुलांना वाटलं मी नुसतं नाटक करतेय. पहिली चीर पडली आणि वर्ग एकदम चिडीचूप. दुहेरी वीण असल्यामुळे कात्री अडत होती, सुतं गळून माझ्या साडीवर पडत होती. मी कात्री धरली आणि एकेका मुलाने माझ्या हातावर हात ठेवून थोडं थोडं कापलं. बरोबर मोराच्या मधून गेली. ज्या मुलीची झोप उडाली होती ती म्हणाली, "मिस, आता दोघांनाही थंडी वाजणार." तिच्या या एका वाक्यात मला अख्खा मार्टिन दिसला. बिचाऱ्याकडेही अर्धंच उरलं होतं, हे मी इतकी वर्षं गोष्ट ऐकूनही कधी मनात आणलं नव्हतं.

मग दोघादोघांनी एकेका अर्ध्यात बसून पाहिलं. थोरल्यांना सांगितलं की मार्टिन यांचं उरलेलं पांघरूण लोकांनी जपून ठेवलं, आणि ते ठेवायच्या जागेला लॅटिनमध्ये पांघरुणावरूनच नाव पडलं, त्यातूनच चॅपल शब्द आला. जर्मनीत मुलं या दिवशी कंदील घेऊन फिरतात, म्हणून आम्हीही दिवाळीचे आकाशकंदील हातात धरून चर्चला एक फेरी मारली. पालखी विचारणारा सगळ्यांच्या पुढे होता. त्या आजीही वर्गाला आल्या होत्या आणि फेरीत चालल्या. पुतळ्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

एक अर्धी चादर चर्चच्या रखवालदारकाकांना द्यायची, हे मुलांनीच ठरवलं. पुढच्या रविवारी मी काही विचारायच्या आत सगळ्यात धाकटी म्हणाली, "मार्टिनने चादर कापली." गोन्सालोंच्या होड्या फेब्रुवारीत करणार आहे, टरफलं आत्तापासून डब्यात साठवतेय.

आता एक अडलंय. ६ डिसेंबरला संत निकोलस. तिघी बहिणींच्या लग्नाला पैसे नव्हते म्हणून त्यांनी रात्री खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या, ती गोष्ट. सहा वर्षांच्या मुलीला हुंडा कसा सांगू? मुलीच्या लग्नाला सोनं लागतंच, हे तिच्या मनात माझ्याकडून जायला नको.

निवृत्त बालवाडी बाई:
लग्न काढून टाका. "घरात पैसे नव्हते, मुलींचे हाल होणार होते," इतकं पुरे, आठ वर्षांचा विचारेल तेव्हा त्याला खरं सांगा. त्या संताने रात्री का टाकलं, दिवसा का नाही, हे मुलांना विचारा. आणि काम तेच द्या: शेंगाचा लाडू कुणालातरी द्यायचा, पण कुणी दिला ते कळू द्यायचं नाही.

वसईवाली:
आमच्याकडे मुलं बुटात खाऊ ठेवतात.

निवृत्त बालवाडी बाई:
लाडू चपलेत नको हो. शेजारी, कागदाच्या पुडीत, आणि पुडीला दोरा घट्ट बांधा. मुंग्या लागतात.