व्यापारी बांधावरच्या बाभळी उक्त्या मागतोय, सरपण किती टन निघेल?

काळीमाती (पाथरी, जि. परभणी)
धुऱ्यावर ११ बाभळी आणि २ जुने कडुलिंब उभे आहेत. छातीच्या उंचीवर बाभळींचा घेर असा: चार झाडं ३ फुटी, पाच ४ फुटी, दोन ५ फुटी. मोकळं खोड सरासरी ८ फूट, वर जाड फांद्या. व्यापारी म्हणतो बाभळी सगळ्या मिळून अडीच टनाच्या वर जाणार नाहीत, उक्तं (न मोजता, एकरकमी) द्या. झाड उभं असताना वजन कसं काढायचं? लिंबाचा एक बुंधा आतून पोकळ वाटतो, त्याचं काय?

गोदाकाठ
आधी खोड. शिंप्याचा टेप घ्या आणि खोडाच्या लांबीच्या बरोबर मध्यावर घेर मोजा. बुडाशी मोजू नका, तिथं झाड फुगलेलं असतं आणि हिशेब उगाच वाढतो. ८ फुटी खोडाचा मध्य ४ फुटांवर येतो, म्हणजे तुमचा छातीजवळचा घेर चालून जाईल. मग:

घेर × घेर × लांबी ÷ १२.५७ = घनफूट (सगळी मापं फुटात)

४ फुटी घेर, ८ फूट खोड: ४ × ४ × ८ ÷ १२.५७ = १०.२ घनफूट. ओली बाभूळ घनफुटाला २८–३० किलो भरते. २९ धरा, एका खोडाचे २९५ किलो झाले.

फांद्या अंदाजाने धरू नका, त्यातच मार बसतो. मनगटापेक्षा जाड फांदी वेगळी मोजा, सूत्र तेच. दीड फूट घेराची ६ फुटी फांदी १.०७ घनफूट, म्हणजे ३१ किलो. अशा तीन असल्या तर ९३. बारीक पण विकण्याजोगं लाकूड आणखी ४० किलो धरा, काट्याकुट्या सोडून द्या. एक ४ फुटी झाड ४३० किलोच्या आसपास गेलं.

घेर दुप्पट झाला की लाकूड चौपट होतं, म्हणून ३ फुटी झाड २४० किलो आणि ५ फुटी ६७० किलोपर्यंत येईल. एकूण: ९६० + २१५० + १३४० = साधारण ४.४५ टन ओलं. वाकडीतिकडी झाडं आहेत, १०–१५ टक्के इकडंतिकडं होणारच.

वखारीपलीकडे (औसा)
अडीच टन आला कुठून ते सांगतो. इमारती लाकडाचा जुना हिशेब चौथाई घेराचा: घेर ÷ ४, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. ४ फुटी घेराला १ × १ × ८ = ८ घनफूट. खरं लाकूड १०.२, म्हणजे एकवीस टक्के आधीच गेले. चिरकाम करताना कडेचं लाकूड वाया जातं, म्हणून तिथं ती पद्धत ठीक. सरपणात काहीच वाया जात नाही, सालसुद्धा जळते. वरून फांद्या सोडल्या की नुसत्या खोडांचं वजन तीन टनांवरून २.४ वर उतरतं. तुमचा अडीच टन तोच दिसतो.

काळीमाती
म्हणजे फांद्या फुकटात चालल्या होत्या. पोकळ लिंबाचं सांगा.

गोदाकाठ
कुऱ्हाडीच्या तुंब्याने (पात्यामागच्या बोथट बाजूने) खोडावर खालून वर ठोकत जा. भरीव आणि पोकळ आवाज कुठं बदलतो तिथं खडूने खूण करा. पोकळी खोडाच्या निम्म्या जाडीची असली तरी त्या भागातलं लाकूड चौथा हिस्साच कमी होतं, कारण जास्त लाकूड बाहेरच्या कड्यात असतं. व्यापारी मात्र 'पोकळ आहे' म्हणून निम्मा भाव पाडतो. ओल्या लिंबाला घनफुटाला २७–२८ किलो धरा.

धुरकरी (गेवराई)
एवढा हिशेब सौद्याच्या आधी हातात असावा, पण शेवटी वजनकाट्यावर द्या. उक्तं दिलंत की तोडणारा जमिनीलगत कापतो की दीड फूट बुडखा सोडतो, याने तुम्हाला फरक नाही. काट्यावर दिलंत तर फरक पडतो: दीड फूट म्हणजे ८ फुटी खोडातला जवळपास पाचवा हिस्सा, तोही सगळ्यात जाड. कापायची उंची आधीच ठरवा.

ट्रॉली रिकामी आणि भरलेली, दोन्ही वजनाच्या पावत्या एकाच काट्यावरच्या, एकाच दिवशीच्या घ्या. 'वाळल्यावर नेतो' असं म्हटलं तर ओल्याचाच टन ठरवून ठेवा. उन्हाळ्यात तीन-चार महिने पडलेलं लाकूड वजनात २५–३५ टक्के उतरतं. साडेचारचे तीन टन होतात.

काटा लांब असेल तर रचून मोजा. १० × ५ × २ फूट रास म्हणजे १ ब्रास, १०० घनफूट. बाभळीचे ओंडके वाकडे, म्हणून त्यात निम्मं लाकूड, निम्मी हवा. ब्रासला ओलं साधारण १,४५० किलो. वरच्या हिशेबाने तुमच्या बाभळी तीन ब्रासला थोड्या पुढं जातील. नुसतं ट्रॉलीत टाकलेलं लाकूड ब्रास म्हणून मोजू देऊ नका, त्यात हवा साठ टक्क्यांपर्यंत जाते. ते व्यापाऱ्यालाही परवडत नाही आणि तुम्हालाही भांडण नको.

वखारीपलीकडे (औसा)
तोडणी, भराई, भाडं त्याच्याकडे असेल तर दर कमी येणं रास्त आहे, त्यावर घासाघीस करा. वजन मात्र कापू देऊ नका.

आणि धुऱ्यावर चिंच, आंबा, जांभूळ किंवा मोह असेल तर त्याला हात लावू देऊ नका. ही झाडं १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत, परवानगी लागते. बाभूळ-लिंबाचंही तोडायच्या आणि वाहतुकीच्या आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. गाडी अडवली तर माल तुमच्या सातबाऱ्याचा आहे हे दाखवावं लागतं.

काळीमाती
उद्या फांद्या टेपने मोजून झाडागणिक आकडे टाकतो. ५ फुटी दोन झाडांची खोडं ६ फुटांवरच दुभागलीत, तिथं काय करू?

गोदाकाठ
दुभाग्याखालचं ६ फूट एक ओंडका समजा, त्याच्या मध्यावर, म्हणजे ३ फुटांवर घेर घ्या. वरचे दोन्ही फाटे वेगळे. दुभाग्याच्या जागी टेप लावू नका, तिथं घेर खोटा येतो.