बारावी महाराष्ट्र बोर्ड, दहावी सीबीएसई: अमेरिकेच्या अर्जात जीपीए काय भरायचा?

प्रश्न (खारघरची_आई):
मुलीची नववी-दहावी नेरुळच्या सीबीएसई शाळेत झाली आणि अकरावी वाशीच्या ज्युनिअर कॉलेजात, महाराष्ट्र बोर्ड, सायन्स. आता ती बारावीत आहे आणि अमेरिकेत बी.एस.साठी अर्ज करायचा आहे. नववीत ८४, दहावीत ९१.२ आणि अकरावीत ७६.४ टक्के आहेत. एका सल्लागाराने तिन्हींची सरासरी काढली, २५ ने भागली आणि ३.३५ जीपीए (सगळ्या विषयांच्या गुणांचा मिळून, बहुधा ४ पैकी, काढलेला एक आकडा) सांगितला. नेटवरच्या एका कॅल्क्युलेटरने तेच आकडे घेऊन ३.९ दिला. कॉलेजच्या ऑफिसमध्ये विचारलं तर "आमच्याकडे जीपीए नसतो, टक्केच असतात" म्हणाले. कॉमन अ‍ॅपच्या (अनेक अमेरिकन विद्यापीठांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज) फॉर्ममध्ये जीपीएची चौकट आहे. तिथे काय लिहायचं? चुकीचा आकडा गेला तर अर्ज बाद होईल का, याची खूप काळजी वाटते आहे.

उत्तर १ (नौपाडा_शिक्षक):
ताई, तुमच्या ऑफिसने सांगितलं तेच बरोबर आहे. कॉमन अ‍ॅपमधली जीपीएची चौकट, जी शाळा स्वतः जीपीए काढते आणि गुणपत्रकावर छापते, तिच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. तुमच्या दोन्हींपैकी एकाही संस्थेने तो छापलेला नाही, म्हणून चौकट रिकामी सोडायची. ती रिकामी असली म्हणून अर्ज अडत नाही. ३.३५ही लिहू नका आणि ३.९ तर मुळीच नको. अर्ज तपासणाऱ्यांसमोर कॉलेजने पाठवलेली गुणपत्रकं असतात, आणि त्यावर कुठेच नसलेला आकडा विद्यार्थ्याच्या फॉर्ममध्ये दिसला की तो आला कुठून हा प्रश्न उभा राहतो. भारतीय बोर्डांचे गुण त्यांना नवे नाहीत, त्यांचा हिशोब ते करून घेतात.

२५ ने भागण्यातली चूक अशी. त्या पद्धतीत ७५ टक्क्यांचा जीपीए ३.० येतो, म्हणजे सरळ 'बी'. आपल्या बोर्डात ७५ ला विशेष प्रावीण्य मिळतं आणि ३५ ला पास. अमेरिकन शाळांत बहुतेक ठिकाणी ९० च्या पुढे 'ए' आणि ६० च्या खाली नापास. दोन्ही पट्ट्यांवरचे शंभर सारखे दिसतात, पण खुणा वेगवेगळ्या जागी आहेत. फिजिक्सचे ७८ घ्या. २५ ने भागले तर ३.१२ होतात. अमेरिकन अक्षरश्रेणीत थेट बसवले तर 'सी प्लस', म्हणजे २.३. आणि भारतीय श्रेणी पाहून केलेल्या तक्त्यात तेच ७८ 'ए', म्हणजे ४.० ठरू शकतात. तुमचे ३.३५ आणि ३.९ असेच आले. दोन्ही यंत्रांची बेरीज बरोबर आहे, तक्ते वेगळे आहेत.

उत्तर २ (घोडबंदर_गणित):
तिकडच्या शाळा जीपीए कसा काढतात हे एकदा आकड्यांत पाहिलं की आपण तो घरी का काढू नये हे आपोआप कळतं.

तिथे प्रत्येक विषयाला क्रेडिट असतं. वर्षभराच्या विषयाला साधारण १, एका सत्राच्या विषयाला ०.५. (कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच शाळा हेच १० आणि ५ असं मोजतात, त्याने उत्तर बदलत नाही.) अक्षराला गुण ठरलेले: ए ४.०, ए-मायनस ३.७, बी-प्लस ३.३, बी ३.०, बी-मायनस २.७, आणि खाली तसंच. गुणाला क्रेडिटने गुणायचं, सगळं मिळवायचं आणि एकूण क्रेडिटने भागायचं.

एका विद्यार्थ्याचं अकरावीचं वर्ष धरू (ऑनर्स आणि एपी म्हणजे नेहमीपेक्षा अवघड पातळीचे विषय). इंग्रजी ए-मायनस, ऑनर्स प्रीकॅल्क्युलस ए, एपी केमिस्ट्री ए-मायनस, इतिहास बी, स्पॅनिश ए, हे सगळे एकेक क्रेडिटचे. शारीरिक शिक्षण ए आणि आरोग्य बी, अर्ध्या क्रेडिटचे. पहिल्या पाचांचे ३.७ + ४ + ३.७ + ३ + ४ = १८.४. अर्ध्यांचे २.० + १.५ = ३.५. एकूण २१.९, क्रेडिट ६, म्हणून ३.६५. हा झाला साधा, बिनवजनी जीपीए.

अवघड विषयांना वजन देणारी शाळा ऑनर्सला ०.५ आणि एपीला १ गुण वाढवून देते. मग २३.४ भागिले ६, म्हणजे ३.९०. मुलगा तोच, वर्ष तेच. म्हणूनच वजनी जीपीए ४ च्या वर जाऊ शकतो आणि "४.३ मिळाले" असं कोणी सांगितलं की पट्टी कितीची आणि वजनी की बिनवजनी, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नसतो. शिवाय काही शाळा ए-प्लसला ४.३ देतात, काही प्लस-मायनस मानतच नाहीत, आणि वजन किती द्यायचं तेही प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं. देशभर लागू असा एक नियम नाही. म्हणून बरीच विद्यापीठं आलेला जीपीए बाजूला ठेवून स्वतःच्या पद्धतीने पुन्हा मोजतात.

नेहमीची एक चूक सांगतो. चार वर्षांचे चार जीपीए काढून त्यांची सरासरी घेतात. वर्षावर्षाचे क्रेडिट सारखे नसले तर ते उत्तर चुकतं. सगळ्या विषयांचे गुण आणि सगळे क्रेडिट एकत्र घेऊन एकदाच भागायचं.

आपल्याकडे एपी किंवा ऑनर्स नसले तर वाढीव गुणांचा प्रश्नच नाही. जेईईच्या क्लासचं वजन यात कुठेही धरत नाहीत.

उत्तर ३ (ऐरोली_पालक):
सीबीएसईचा ९.५ चा नियम आहे ना? दहावीचे टक्के ९.५ ने भागले की सीजीपीए (विषयांच्या श्रेणी-गुणांची सरासरी) येतो. तो १० पैकी लिहून टाकायचा.

उत्तर ४ (नौपाडा_शिक्षक):
तो नियम उलट्या दिशेचा होता आणि आता लागू नाही. २०१० ते २०१७ या काळात दहावीला गुणांऐवजी सीजीपीए मिळायचा आणि त्यावरून टक्के काढायला ९.५ ने गुणायचे. २०१८ पासून दहावीची बोर्ड परीक्षा सर्वांना सक्तीची झाली आणि गुणपत्रिकेवर पुन्हा विषयवार गुण आले. आजच्या गुणांवरून मागे जाऊन सीजीपीए बनवला तर तो कुठल्याच कागदावर नसलेला आकडा होतो.

तसाच घोटाळा 'ए-वन' या श्रेणीचा. नववीच्या शालेय निकालात ए-वन म्हणजे ९१ ते १००. पण दहावीच्या बोर्डाच्या गुणपत्रिकेत त्या विषयात पास झालेल्यांतल्या वरच्या एक-अष्टमांश विद्यार्थ्यांना ए-वन मिळतो, म्हणजे दरवर्षी आणि दर विषयाला त्याची खालची रेषा बदलते. दोन वर्षांचे ए-वन एकाच मापाचे धरून बेरीज करू नका. सीबीएसईच्या गुणपत्रिकेवर एकूण टक्केवारी छापलेलीही नसते. तुमचे ९१.२ हे शाळेने किंवा तुम्ही पाच विषय घेऊन काढलेले असणार. सहावा विषय असेल तर सहाही विषयांचे गुण जसेच्या तसे द्या.

खारघरची_आई:
मनापासून आभार, मोठं ओझं उतरलं. पण मग कॉलेजकडून नक्की काय काय घ्यायचं? तिथे काउन्सेलर नाही. आणि कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठांचा फॉर्म वेगळा आहे, तिथेही जीपीए लिहायचा नाही का?

उत्तर ५ (वाशी_प्रवेश):
ज्युनिअर कॉलेजच्या मुलांची खरी अडचण जीपीएपेक्षा कागदांत असते, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

अमेरिकेला नववी ते बारावी अशी चार वर्षं लागतात. आपली चार वर्षं दोन संस्थांत आणि तुमच्या बाबतीत दोन बोर्डांत विभागलेली आहेत. फॉर्ममध्ये सध्याची संस्था म्हणून वाशीचं कॉलेज आणि आधीची म्हणून नेरुळची शाळा, दोन्ही तारखांसह भरा. शाळा का सोडली असं विचारतात, तिथे दोन ओळी पुरतात: महाराष्ट्रात अकरावी-बारावी बहुधा ज्युनिअर कॉलेजात होते आणि दहावीनंतर संस्था बदलणं नेहमीचं आहे. एवढं लिहिलं नाही तर मुलीने मध्येच शाळा बदलली असं वाचलं जाऊ शकतं.

नेरुळच्या शाळेकडून नववीचा वार्षिक निकाल लेटरहेडवर, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह घ्या. दहावीची गुणपत्रिका डिजिलॉकरवर मिळते. मूळ प्रत हरवली तर दुय्यम प्रतीचा अर्ज आत्ताच करा, ऑक्टोबरपर्यंत थांबू नका. (ज्यांची दहावी राज्य मंडळाची आहे त्यांच्यासाठी मुंबई विभागाचं कार्यालय वाशीतच आहे. त्यांच्या टक्केवारीत सर्वोत्तम पाच विषय धरलेले असतात, तरी गुण सहाही विषयांचे लिहायचे.)

अकरावीच्या निकालपत्राकडे नीट बघा. त्यात घटक चाचण्यांचे २५-२५, सत्र परीक्षेचे ५० आणि वार्षिकचे १०० मिळून २०० होतात आणि त्याचे १०० पैकी सरासरी गुण काढतात. मुलं फॉर्ममध्ये वार्षिकचा रकाना उतरवतात, कारण तो जास्त असतो, आणि कॉलेजने पाठवलेल्या पत्रकात सरासरी असते. तुमचे ७६.४ कुठल्या रकान्याचे आहेत ते आज रात्रीच तपासा. शेवटचा रकाना तोच खरा. पर्यावरण आणि शारीरिक शिक्षणाच्या श्रेणीही तशाच द्या, त्यांचे आकडे करू नका.

काउन्सेलर नसला तर उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षक ते काम करू शकतात, त्यासाठी वेगळी पदवी लागत नाही. आधी मुलीने फॉर्ममधली फेर्पाची (विद्यार्थ्याच्या नोंदींच्या गोपनीयतेचा अमेरिकन कायदा) संमती द्यायची, मग त्यांचा ईमेल भरायचा. त्याशिवाय निमंत्रण जात नाही. ईमेल कॉलेजच्या नावाचा असेल तर उत्तम, खासगी जीमेलवर शंका घेतली जाऊ शकते. त्यांना शाळेचा अहवाल, शिफारसपत्र आणि गुणपत्रकं चढवायची असतात. अहवालात जीपीए, पट्टी आणि वर्गातला क्रमांक विचारतात. कॉलेज क्रमांक काढत नसेल तर तसंच लिहायचं, जुळवून काढायचा नाही. पुढे बारावीच्या सहामाही किंवा पूर्वपरीक्षेनंतर मधला अहवाल आणि बोर्डाच्या निकालानंतर शेवटचा अहवाल जातो. उपप्राचार्यांना हे तिन्ही टप्पे आधीच सांगून ठेवा. जानेवारीत प्रात्यक्षिकांच्या धावपळीत त्यांना गाठणं फार कठीण जातं.

आणि सगळ्यात जास्त जोर द्या कॉलेजच्या परिचयपत्रावर. एक-दोन पानं पुरतात: बोर्ड कोणतं, पासाला ३५, प्रथम श्रेणी ६०, विशेष प्रावीण्य ७५, फिजिक्स-केमिस्ट्रीला लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३०, तुकडीत मुलं किती, आणि गेल्या वर्षी अकरावी सायन्समध्ये ७५ च्या वर किती होती. ही शेवटची ओळ तुमच्या मुलीसाठी सोन्यासारखी आहे. ९१ वरून ७६ ही नुसती घसरण दिसते. दीडशे मुलांत पंच्याहत्तरच्या वर वीसच आहेत हे शेजारी छापलेलं असेल तर तेच ७६ निराळे वाचले जातात. (आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या कॉलेजचे खरे घ्या.) मजकूर घरी टाइप करून दिला तरी चालेल, मात्र तो तपासून लेटरहेडवर घेऊन शिक्का मारायचं काम कॉलेजचंच.

उत्तर ६ (घोडबंदर_गणित):
कॅलिफोर्नियाचं सांगतो. तिथल्या यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) विद्यापीठांना अर्जाच्या वेळी गुणपत्रक पाठवायचंच नसतं. विद्यार्थी स्वतः वर्षवार विषय आणि गुण भरतो. भारतीय गुण १०० पैकी जसे छापलेत तसेच भरायचे, अक्षरात बदलायचे नाहीत. जीपीए ते काढतात, तोही दहावी-अकरावीच्या ठरावीक शैक्षणिक विषयांवरूनच. नववी भरावी लागते, पण तिचे गुण त्या जीपीएत येत नाहीत. प्लस-मायनस तिथे धरत नाहीत. वरच्या माझ्या उदाहरणातल्या मुलाचे शारीरिक शिक्षण आणि आरोग्य गळाले, दोन्ही ए-मायनस पूर्ण ए झाले, म्हणून १९ भागिले ५, म्हणजे ३.८०. तो कॅलिफोर्नियाबाहेरचा असेल तर ऑनर्सला वाढीव गुण नाही, एपीला आहे, म्हणून ४.००. शाळेने ३.६५ दिलेला मुलगा इथे ४.०० वर आला. राज्याबाहेरच्यांना किमान ३.४ लागतो, तो याच मोजणीतला.

यूसीत चुकीला माफी कमी आहे. जे भरलं ते जुलैत येणाऱ्या अधिकृत गुणपत्रकांशी ताडून पाहतात आणि फरक निघाला तर दिलेला प्रवेश रद्द होऊ शकतो. त्यामुळे मुलगी भरत असताना निकालपत्र समोर ठेवून तुम्ही एकेक गुण मोठ्याने वाचा.

उत्तर ७ (वाशी_प्रवेश):
एक राहिलंच. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं आणि वडिलांचं नावही असतं. सीबीएसईच्या गुणपत्रिकेवर क्रम वेगळा असतो, पासपोर्टवर आणखी वेगळा. बारावी बोर्डाचा फॉर्म भरताना नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवा. कॉलेजच्या पत्रातही एक ओळ घाला, की ही तिन्ही नावं एकाच विद्यार्थिनीची आहेत.